सावित्रीबाईंचे दुसरे लुगडे

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त स्मरणिका काढण्याचे ठरले आणि तीत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र मी लिहावे, असे सेक्रेटरीबाईंनी सुचविले. मी पुष्कळ नाही नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याची यादी आणि भिशीचा हिशेब यापलीकडे माझ्या हातून कधी काही लिहून झाले नाही. पण त्यांनी ऐकले नाही. वाचनालयातून सावित्रीबाई फुल्यांवरची दोन पुस्तके आणून त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि दिवाळीच्या आत लेख हवा म्हणून बजावले.

लेखाला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीत माझी स्वतःची चूक आहे. ती लपवून सावित्रीबाईंचे गुणगान करावे, हे मनाला पटत नाही.

गेल्या श्रावणात एका शुक्रवारी भजन आटोपल्यावर आपल्या वस्तीतली एक बाई मागे थांबली. तिची मुलगी संध्याकाळी नर्सिंगच्या वर्गाला जाते. पाण्याच्या टाकीजवळ मोटारसायकल लावून दोन तरुण रोज तिची वाट अडवीत. आधी नुसत्या शिट्ट्या होत्या. मग चिठ्ठी आली. मग बोलली नाहीस तर तोंड विद्रूप करू, अशी धमकी आली. पोरीला भीतीने ताप भरला. आता काय करावे, असे त्या माउलीने आम्हा बायकांना विचारले. सगळ्यांच्या आधी मी बोलले. म्हटले, वर्ग बंद कर, चांगलेसे स्थळ पाहून पोरीचे हात पिवळे कर, म्हणजे काळजी मिटली. आणखी चौघीजणींनी माना डोलावल्या. ती बाई पदराने डोळे पुसत घरी गेली.

त्याच रात्री मी ते पुस्तक उघडले. दोन प्रकरणे वाचून झाली आणि मला झोप येईना.

मला माझे माहेर आठवले. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीला पलीकडच्या गावच्या हायस्कुलात जावे लागे. वाटेत ओढ्यावर पूल होता आणि पुलाच्या कठड्यावर वरच्या वर्गातली मुले बसलेली असत. ती आमच्या नावाने ओरडत, खडे मारीत. एके दिवशी त्यांनी माझे दप्तर ओढून ओढ्यात फेकले. मी रडत घरी आले. वडील मायाळू होते. त्यांनी मला जवळ घेतले, डोळे पुसले आणि उद्यापासून शाळेत जाऊ नकोस म्हणून सांगितले. माझी आठवी तीन आठवड्यांत संपली. दप्तर फेकणारी मुले मात्र शाळेत जात राहिली. त्यांतला एक पुढे शिकून चांगल्या नोकरीला लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि इतक्या वर्षांनी, तसाच प्रसंग दुसऱ्याच्या लेकीवर आला तेव्हा मी तीच फाशी पुन्हा सांगितली.

आता सावित्रीबाईंकडे वळते.

पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळपासून जवळच नायगाव नावाचे गाव आहे. तेथे खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. नवरदेव जोतिराव फुले तेरा वर्षांचे होते. सासरी आल्या तेव्हा सावित्रीबाईंना अक्षरओळख नव्हती. जोतिरावांची आई ते तान्हे असतानाच वारलेली. त्यांची मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना लहानाचे मोठे केले होते. जोतिरावांनी आपल्या बायकोला आणि सगुणाबाईंना धुळाक्षरांपासून लिहायला वाचायला शिकविले. शेतातले काम उरकल्यावर आंब्याच्या झाडाखाली बसून मातीत अक्षरे गिरविली जात, असे सांगतात. आपण आपल्या मुलांना पाटी घेऊन देतो, तेव्हा त्या मातीतल्या अक्षरांची आठवण ठेवावी.

बायकांनी शिकणे म्हणजे त्या काळी पाप समजत. शिकलेल्या बाईच्या ताटातल्या अन्नाच्या अळ्या होतात, तिचा नवरा लवकर मरतो, असल्या समजुती घरोघर होत्या. आज आपल्याला हसू येते. परंतु भीती घालायची ती एक पद्धतच होती. कुणी काठी उगारण्याची गरजच नव्हती. बाई आपल्या आपणच पुस्तकापासून हात मागे घेई.

अशा दिवसांत, १८४८ साली, पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात जोतिरावांनी मुलींची शाळा काढली. प्रारंभी सहा मुली आल्या. शिकविणार कोण? पुरुष मास्तराकडे मुली पाठवायला लोक तयार होईनात. तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. त्या वयात आपल्याकडच्या पुष्कळ मुली आजही घराबाहेर पडताना कुणाला तरी विचारून पडतात.

शाळा लोकांना सहन झाली नाही. सावित्रीबाई रस्त्याने निघाल्या की लोक त्यांना अर्वाच्य शिव्या देत. शेण, चिखल, खडे अंगावर टाकीत. बाईला रस्त्यावर अशी वागणूक दिली की ती उद्या येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब बहुधा चुकत नाही. माझ्या बाबतीत पुलावरच्या मुलांचा चुकला नव्हता.

सावित्रीबाईंच्या बाबतीत मात्र तो चुकला. त्यांच्या आठवणींत एक गोष्ट सांगतात. घाण अंगावर घेऊन रोज शाळेत शिरावे लागे, तेव्हा जोतिरावांनी त्यांना दोन लुगडी घेऊन दिली. एक जाडेभरडे, ते रस्त्याने जाताना नेसायचे. दुसरे चांगले, ते शाळेत गेल्यावर नेसायचे. शाळा सुटली की पुन्हा ते मळके लुगडे नेसून घरी यायचे. ही गोष्ट मी शाळेत असताना ऐकली होती आणि त्यात मला तेव्हा काही विशेष वाटले नव्हते. आता संसार केल्यावर तिचा अर्थ कळतो. लुगडे भरणार हे त्यांना ठाऊक होते. उद्याही भरणार, परवाही भरणार, हेही ठाऊक होते. तरी उद्या जायचे की नाही, हा प्रश्नच त्यांनी घरात ठेवला नाही. फक्त धुण्याचे गाठोडे वाढले. आणि त्यांच्या नवऱ्याने बायकोला घरी बस म्हटले नाही, तिला दुसरे लुगडे आणून दिले. आपल्या घरच्या पुरुषमंडळींनी एवढे वाक्य वाचले तरी माझ्या लिहिण्याचे सार्थक होईल.

आणखीही एक आठवण सांगतात. एकदा एका दांडगटाने भर रस्त्यात त्यांची वाट अडविली आणि अब्रूवर उठण्याची भाषा केली. सावित्रीबाईंनी सर्वांदेखत त्याच्या थोबाडीत लगावली. बघे जमले होते, पण तो खाली मान घालून निघून गेला. त्यानंतर त्या रस्त्याचा त्रास बराच कमी झाला म्हणतात. मी काही आपल्या मुलींना मारामारी शिकवा म्हणून हे लिहीत नाही. पण मान खाली घालण्याची पाळी कोणाची, हे त्या दिवशी चारचौघांत ठरले, ते महत्त्वाचे.

रस्त्यावर भागले नाही, तेव्हा लोक घरात शिरले. जोतिरावांचे वडील गोविंदराव यांच्यावर जातीतल्या आणि बाहेरच्या लोकांनी दडपण आणले. मुला-सुनेला ही शाळा सोडायला लावा, नाहीतर घराबाहेर काढा, असा धोशा लावला. गोविंदराव वाईट नव्हते. मुलाला त्यांनीच शिकविले होते. परंतु समाजात राहायचे, चार लोकांत उठायचे बसायचे, या धाकाने ते वाकले. १८४९ साली सावित्रीबाई आणि जोतिराव नेसत्या वस्त्रांनिशी घराबाहेर पडले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. त्या घरातली फातिमा पुढे सावित्रीबाईंच्या कामात त्यांच्याबरोबर उभी राहिली. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या, तेव्हा पत्रातून त्यांनी तिची आठवण काढली आहे. आपल्यामागे कामाचा सगळा भार एकट्या फातिमावर पडत असेल, याची त्यांना रुखरुख होती. संकटात पाठीशी उभी राहणारी मैत्रीण असली की बाईला किती बळ येते, हे आपल्या मंडळातल्या कितीतरी जणींना माहीत आहे.

आडकाठ्या येऊन शाळेचे काम मध्यंतरी थांबले, पण ते पुन्हा उभे राहिले. १८५१ च्या जुलैत बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात, सप्टेंबरात रास्ता पेठेत आणि १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत, अशा मुलींच्या शाळा निघाल्या. महार-मांग मुलांसाठीही शाळा काढल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतिरावांना शालजोडी देऊन गौरविले. मांग समाजातल्या मुक्ता साळवे नावाच्या एका लहानशा विद्यार्थिनीने आपल्या लोकांच्या हालअपेष्टांवर लिहिलेला निबंध १८५५ साली ज्ञानोदय पत्रात छापून आला. ज्या लुगड्यावर शेण पडत होते, त्याचे हे फळ. सावित्रीबाईंनी स्वतःही लेखणी हाती घेतली आणि १८५४ साली त्यांचा काव्यफुले हा संग्रह प्रसिद्ध झाला.

रस्ता झाला, सासर झाले, आता माहेर. बाईला अडवायला हे तिसरे दार फार अवघड असते, कारण तेथे मायेची माणसे असतात. १८५६ साली सावित्रीबाई आजारी पडून नायगावला राहिल्या. भावाने सेवा केली, पण बोलही लावला. नवरा-बायको महार-मांगांसाठी काम करता, हे कुळाला बट्टा लावणारे आहे, जातीच्या रूढीप्रमाणे वागा, असे तो म्हणाला. आईलाही त्याचे फार वाईट वाटले. सावित्रीबाईंनी जोतिरावांना पत्र लिहून हे कळविले आहे. अंगात अशक्तपणा होता, भावाच्या घरचे खात होत्या, तरी त्यांनी त्याचे म्हणणे मुकाट्याने ऐकून घेतले नाही. गाईगुरांना माया लावणाऱ्याने माणसाला दूर का लोटावे, असा सरळ मुद्दा त्यांनी त्याच्यापुढे मांडला. भांडून माहेर तोडले नाही आणि माहेरासाठी काम सोडले नाही. मला तर रस्त्यावरच्या शेणापेक्षा हा प्रसंग कठीण वाटतो.

स्वतःवरचा जुलूम सोसून पुढे जाणारी माणसे असतात. पण दुसऱ्या बाईवरच्या जुलमासाठी आपल्या घराचे दार उघडणारी माणसे थोडी. सावित्रीबाईंचे खरे मोठेपण मला तेथे दिसते.

त्या काळी वरच्या जातींत लहान वयात मुली विधवा होत. पुन्हा लग्न नाही, केशवपन करून त्यांना घरात कोंडल्यासारखे ठेवीत. १८५६ साली पुनर्विवाहाला कायद्याने परवानगी मिळाली, तरी समाजाने ती मानली नाही. अशा असहाय मुलीला घरातलाच किंवा ओळखीतला एखादा पुरुष फसवी किंवा तिच्यावर बळजबरी करी. दिवस गेले की तो नामानिराळा. तिच्यापुढे मग विहीर, नाहीतर बाळाचा गळा. पुण्यात काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर अशीच वेळ आली. ती एका सद्गृहस्थांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसविले. लोकलज्जेने तिने जन्मलेल्या बाळाला मारून विहिरीत टाकले. तिला अंदमानात जन्मठेपेची शिक्षा झाली. शास्त्री मोकळा राहिला. पुढे १८८४ साली जोतिरावांनी सरकारकडे पाठविलेल्या टिपणात हा प्रकार लिहून ठेवला आहे.

हे वाचताना मला पुन्हा पूल आठवला. गुन्हा कुणाचा आणि काळे पाणी कुणाला!

सावित्रीबाई आणि जोतिराव यांनी नुसती हळहळ केली नाही. १८६३ साली आपल्या राहत्या घरी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. शहरात भिंतींवर जाहिराती लावल्या. अडचणीत सापडलेल्या विधवांनी येथे यावे, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा येथे ठेवावे, असा त्यांचा आशय होता. विचार करा, त्या काळी भिंतीवर असे उघड लिहिणे म्हणजे केवढे धाडस! ज्या गोष्टीची घरोघर कुजबुज चाले, ती त्यांनी चव्हाट्यावर मांडली, आणि आलेल्या बाईचे नाव मात्र झाकून ठेवले.

आणि हेही विचार करा, की त्या घरात काम कोणाचे? गरम पाणी कोण तापविणार, बाळंतिणीला शेक कोण देणार, रात्री रडणारी मुले कोण घेणार? हे सावित्रीबाईंनी केले. त्यांना स्वतःला मूल झाले नव्हते. ज्या ब्राह्मण विधवा शाळेच्या विरुद्ध असलेल्या समाजातून येत, त्यांचीच बाळंतपणे त्यांनी केली. शेण टाकणारे कोणत्या आळीचे होते, हे त्यांनी बाळंतिणीला विचारले नाही. अशाच एका विधवेचा मुलगा १८७४ साली त्यांनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. त्याला शिकवून डॉक्टर केले.

आता जो प्रसंग सांगते, तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १८६८ च्या ऑगस्टमध्ये सावित्रीबाई नायगावला होत्या. तेथून २९ तारखेला त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिले. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पोथीपुराण करीत, भविष्य सांगत हिंडे. सारजा नावाच्या महार समाजातल्या एका पोरसवदा मुलीवर त्याचे मन बसले आणि तिला सहा महिने गेले. गावाला हे कळले. लोक चवताळले. दोघांना धरले, मारहाण केली, गावातून धिंड काढली आणि जिवे मारायला निघाले.

सावित्रीबाईंच्या कानावर हे येताच त्या धावत तेथे गेल्या. सदतीस वर्षांची एकटी बाई, माहेरी आलेली, आणि समोर पेटलेला गाव. त्यांनी रडारड केली नाही, की पायाही पडल्या नाहीत. इंग्रज सरकारचा कायदा काय आहे, माणूस मारला तर मारणाऱ्याची काय गत होईल, हे त्यांनी लोकांना समजावून सांगितले. ते ऐकून लोकांचे हात थबकले. शेवटी दोघांनी गाव सोडून जावे, यावर मिटले. तेवढ्यावर सावित्रीबाई घरी परतल्या नाहीत. त्या दोघांना त्यांनी पुण्याला जोतिरावांकडे पाठवून दिले. म्हणजे नुसते मरणातून सोडविले नाही, तर पुढे त्यांनी कोठे जायचे, तेही पाहिले.

या प्रसंगात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ऐकल्याबरोबर त्या गेल्या, उद्या बघू म्हटले नाही. मुलीचे चुकले की मुलाचे, याची चौकशी करीत बसल्या नाहीत, आधी जीव वाचविला. आणि त्यांच्या हातात शस्त्र होते ते माहितीचे. कायदा काय म्हणतो हे त्यांना ठाऊक होते, म्हणून जमावापुढे त्यांचा शब्द वजनदार ठरला. मातीत गिरविलेली अक्षरे अशी कामी आली.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतिरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हाही सावित्रीबाई बरोबरीने होत्या. १८७६-७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर तालुक्यात ओतूरला लोकांना अन्न मिळवून देण्यासाठी फिरत होत्या. तेथे समाजाचे कार्यकर्ते पकडले गेले, तेव्हा त्या कलेक्टरशी बोलल्या, त्यांची बाजू मांडली आणि ती माणसे सुटली. बाईमाणसाने साहेबापुढे कसे बोलायचे, असा संकोच त्यांना कधीच शिवला नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव वारले. त्या दुःखातही भाऊबंदांनी वाद उकरून काढला. यशवंत दत्तक, त्याने टिटवे धरायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रेत दारात आणि भांडण अंगणात, हे दृश्य आपल्यापैकी कुणी पाहिले असेल, तिला त्या बाईच्या मनाची कल्पना येईल. सावित्रीबाई पुढे झाल्या. टिटवे त्यांनी स्वतः हातात घेतले, अंत्ययात्रेपुढे चालल्या आणि नवऱ्याला अग्नी दिला. बायकांनी स्मशानाची वाट पाहू नये अशा काळात ही साठीला आलेली बाई त्या वाटेने सर्वांच्या पुढे गेली. पुढे १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष होत्या.

१८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. यशवंतरावांनी हडपसरजवळ सासण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोग्यांना तेथे नेऊन पोहोचवीत. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या चालत निघाल्या. मूल वाचले. सावित्रीबाईंना त्या रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी, सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

आज ३ जानेवारीला शाळांतून त्यांची जयंती होते. २०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. नायगावला त्यांचे घर जपून ठेवले आहे. ज्या शहराच्या रस्त्यावर त्यांच्या अंगावर शेण पडले, त्याच शहरातल्या विद्यापीठाच्या कमानीवर त्यांचे नाव आहे. हे पाहून धन्य वाटते. पण नाव लावून आपले काम संपत नाही. आपल्या पाण्याच्या टाकीजवळ काय चालले आहे, तिकडे बघायला सावित्रीबाई येणार नाहीत.

ती रात्र मी जागून काढली. सकाळी चहा झाल्यावर त्या बाईच्या घरी गेले आणि काल मी चुकीचे सांगितले, असे स्पष्ट बोलले. ती गोंधळली. मुलगी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला म्हटले, बाळ, ताप उतरला की संध्याकाळी तयार राहा, मी तुझ्याबरोबर वर्गाला येते. आमच्या घरून थोडी कुरकुर झाली. कशाला दुसऱ्याच्या भानगडीत पडतेस, असे म्हणणे आले. मी दुसऱ्या लुगड्याची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी टॉर्च काढून दारापाशी ठेवली.

पहिल्या दिवशी आम्ही दोघीच होतो. खरे सांगते, टाकी जवळ आली तसे माझे पाय लटपटू लागले. ते दोघे होतेच. त्यांनी मोटारसायकलचा आवाज मोठा केला. आम्ही चालत राहिलो. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीबाई आल्या, तिसऱ्या दिवशी आणखी तिघी. त्या आठवड्यातच आम्ही मुलीला आणि तिच्या आईला घेऊन चौकीवर गेलो आणि चिठ्ठीसकट तक्रार लिहून दिली. मुलीची सही होताना तिचा हात कापत होता, पण सही झाली. आता ते दोघे टाकीजवळ थांबत नाहीत. कधीमधी लांब दिसतात. भीती अगदी गेली, असे मी म्हणणार नाही. पण मुलीचा वर्ग एक दिवसही चुकलेला नाही, आणि आता ती स्वतःच आमच्या पुढे चालते.

मंडळाच्या खोलीत फळ्याशेजारी एक कागद लावला आहे. त्यावर वार लिहिले आहेत आणि कोणत्या वारी कोणी बरोबर जायचे, ती नावे लिहायची आहेत. ११२ हा मदतीचा नंबरही खाली मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. मंगळवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत. आपल्या वस्तीत शिवणाला, शाळेला, कामाला जाणाऱ्या आणखीही मुली आहेत. त्यांच्या आयांनी मनात कुढत न बसता आमच्याकडे यावे. वर्ग बंद करा, असे आता आमच्यापैकी कोणी सांगणार नाही, मी तर नाहीच.

माझ्या लिहिण्यात चुकले-माकले असेल ते भगिनींनी पदरात घ्यावे. आणि जिला जमेल तिने मंगळवारपुढे आपले नाव लिहावे, एवढी विनंती आहे.